खालून वर वाचायचा दगड

वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्याच्या आठवणीचा दगड, नेहमी खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत माणूस मरून पडलेला असतो आणि सगळ्यात वरच्या चौकटीत तोच शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो. मेल्यानंतर माणसाचं पुढं काय होतं, या प्रश्नाचं आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या मराठी मुलखानं दिलेलं उत्तर या दोन चौकटींच्या मध्ये कोरलेलं आहे. पोथ्यांमधली उत्तरं पंडितांनी लिहिली. हे उत्तर मेलेल्याच्या माणसांनी पाथरवटाकडून कोरून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी उभं केलं.

हे दगड आजही जागोजागी आहेत. भैरोबाच्या देवळामागे, वेशीपाशी, पाराच्या कट्ट्याला टेकून, तळ्याच्या काठावर, शेताच्या बांधावर. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या आवारात तर त्यांची रांगच आहे. बऱ्याच ठिकाणी त्यांना शेंदूर फासलेला असतो. त्यामुळं नवस बोलणाऱ्याला तो देव वाटतो आणि बाकीच्यांना नुसता जुना दगड. पण ऊन तिरपं असताना, सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, त्याच्यापुढे पाच मिनिटं उभं राहून पाहावं. सावल्या लांबल्या की झिजलेला उठाव वर येतो आणि एकेक माणूस ओळखू यायला लागतो.

समजा, काळ्या बेसॉल्टचा, छातीपर्यंत येणारा एक वीरगळ समोर आहे. आडव्या पट्ट्यांनी त्याचे चार कप्पे पाडलेले आहेत. तळाच्या कप्प्यात वीर आडवा पडलाय. डोक्यावर केसांचा बुचडा, हातातली तलवार कधी अजून मुठीत, कधी बाजूला. त्याच्या मागे किंवा पायांशी गाईंची रांग. पाथरवटानं सगळ्या गाई पूर्ण कोरलेल्या नसतात, एकीच्या पाठीमागून दुसरीचं तोंड, तिच्यामागून तिसरीची शिंगं अशी दाटी दाखवून तो कळप उभा करतो. दुसऱ्या कप्प्यात लढाई. आपला वीर मोठा, शत्रू लहान. एका हातात गोल ढाल, दुसऱ्या हातात उगारलेली तलवार, समोर भाले आणि धनुष्यं घेतलेले तिघे-चौघे. तिसऱ्या कप्प्यात जमीन सुटलेली आहे. वीर मधोमध, त्याचे दोन्ही हात दोन अप्सरांच्या खांद्यांवर, आणि अप्सरांचे पाय गुडघ्यात मागे दुमडलेले. उडणं दाखवायची ही शिल्पकारांची जुनी रीत. काही दगडांवर अप्सरांच्या जोडीला विमानही असतं. चौथ्या कप्प्यात शिवलिंग, एका बाजूला पूजा करणारा पुजारी, दुसऱ्या बाजूला मांडी घालून हात जोडलेला वीर, कधी नंदी. आणि त्याच्याही वर, दगडाच्या माथ्यावर, सूर्य आणि चंद्रकोर. हे दोघे आकाशात असतील तोवर या माणसाची कीर्ती राहील, असं ते आश्वासन. दानपत्रांच्या शिळांवर जी खूण राजे कोरवत, तीच इथं एका गुराख्यासाठी कोरलेली असते.

तळाचा कप्पा बदलला की मरणाचं कारण बदलतं. गाई असतील तर गोधन पळवायला आलेल्या टोळीशी लढताना वीर पडला. त्या काळी गाय हेच धन होतं आणि गुरं हाकून नेणं ही लढाईची नेहमीची रीत होती. महाभारतातलं विराटाच्या गाईंचं हरण ही त्याच प्रकारची गोष्ट. घोडा असेल तर स्वार, वाघ किंवा रानडुक्कर असेल तर शिकारीत किंवा गाव राखताना आलेलं मरण. आणि काही मोजक्या दगडांवर जहाजं असतात.

अशा जहाजांचे सगळ्यात देखणे वीरगळ मुंबईत आहेत, हे मुंबईकरांनाही फारसं ठाऊक नसतं. बोरिवली पश्चिमेला एकसर हा जुन्या वस्तीचा भाग आहे. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात तिथल्या सहा शिळांचं वर्णन येतं. त्यांतल्या मोठ्या शिळा माणसाहून कितीतरी उंच आहेत. त्यांवर उंच नाळेची, एका ओळीत वल्ही लावलेली, मधोमध डोलकाठी असलेली गलबतं एकमेकांवर चालून जाताना दिसतात, पाण्यात पडलेली माणसं दिसतात, जमिनीवरच्या लढाईत हत्तीही दिसतात. ही नेमकी कुठली लढाई, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण बरेच जण ती देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातली, तेराव्या शतकाच्या सातव्या दशकातली मानतात. महादेवाचा मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावावर आपण 'हेमाडपंती' देवळं सांगतो, त्यानं लिहून ठेवलंय की सोमेश्वरानं महादेवाच्या रागाला सामोरं जाण्यापेक्षा समुद्रात बुडून मरणं पत्करलं. राजाचं काय झालं ते असं दरबारी संस्कृतात उरलं. त्या आरमारात वल्ही मारणारे, दोर धरणारे, पाण्यात पडलेले जे होते, त्यांचं एकसरच्या शिळांखेरीज काही उरलेलं नाही. जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयातही वीरगळ आणि सतीशिळा आहेत. कदंब राजांच्या काळच्या गोव्यातल्या वीरगळांवरही जहाजं आढळतात. किनाऱ्यावरच्या माणसाचं मरण पाण्यातून आलं, तर त्याच्या स्वर्गाची वाटही लाटांवरून सुरू होते.

या वाटेचं वेगळेपण कळायला तिच्या शेजारी साध्या मरणाची वाट ठेवून पाहावी लागते.

अंथरुणावर मेलेल्या माणसाचा पुढचा प्रवास हिंदू परंपरेनं लांबचा आणि कष्टाचा मानलाय. देह जळाला तरी जीव लगेच कुठं जात नाही, तो प्रेतरूपात घुटमळतो. गरुडपुराणाच्या मांडणीत पहिल्या दहा दिवसांच्या पिंडांतून त्याला एकेका अवयवानं नवा देह मिळतो. मग वर्षभराची यममार्गाची चाल, वाटेत वैतरणी, शेवटी यमाच्या दरबारात हिशेब. बाराव्याच्या सपिंडीकरणात त्याचा पिंड बाप-आजा-पणजांच्या पिंडांत मिसळतात, तेव्हा कुठं तो प्रेताचा पितर होतो. मराठी घरांत या सगळ्यातला सगळ्यात अवघड क्षण दहाव्याचा. घाटावर पिंड मांडलेला असतो आणि सगळे लांब सरकून कावळ्याची वाट पाहत असतात. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, असं समजून घरातलं कुणीतरी पुढं होतं आणि 'धाकटीचं लग्न आम्ही करू', 'आईला अंतर देणार नाही' असं हात जोडून सांगतं. तरीही शिवला नाही तर शेवटी दर्भाचा कावळा करतात. या विधीला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं की मेलेल्याच्या मागं राहिलेली जबाबदारी चारचौघांत उच्चारून घेण्याची याहून पक्की व्यवस्था फार थोड्या समाजांनी केली आहे.

वीरगळावर यातलं काहीच दिसत नाही. कावळा नाही, वैतरणी नाही, चित्रगुप्ताची वही नाही. माणूस पडतो आणि वरच्या चौकटीत त्याला न्यायला अप्सरा आलेल्या असतात. याला शास्त्राचा आधार होता. क्षात्रधर्मानं लढताना मेलेल्याचा यज्ञ त्याच क्षणी पुरा होतो आणि त्याचं सुतकही तिथंच फिटतं, असं मनुस्मृतीचा पाचवा अध्याय सांगतो. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला मेलास तर स्वर्ग आणि जिंकलास तर पृथ्वी, असंच सांगतो. सूर्यमंडळ भेदून पलीकडे जाणारे दोघंच, एक योगी आणि दुसरा रणात तोंड न फिरवता मेलेला, हे सुभाषितही जुनं आणि प्रसिद्ध. पण शास्त्रानं हा मान क्षत्रियाला दिला होता. वीरगळ उभारणाऱ्यांनी तो गुरं राखणाऱ्याला दिला, गलबतावरच्या खलाशाला दिला, वेस राखताना पडलेल्याला दिला. मरणाच्या बाबतीत एवढा मोकळा हात मध्ययुगीन समाजानं क्वचितच दाखवला असेल, आणि म्हणून हे दगड राजांच्या शिलालेखांइतकेच जपायच्या योग्यतेचे आहेत.

वरच्या दोन कप्प्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. अप्सरा हा इंद्राच्या स्वर्गाचा ऐवज. तो स्वर्ग पुण्याईच्या हिशेबावर चालतो, पुण्य संपलं की परत खाली. अप्सरांच्या वर मात्र शिवलिंग आहे, म्हणजे कैलास, जिथून परत यायचं नसतं. वैदिक स्वर्ग आणि शैव मोक्ष अशा दोन वेगळ्या कल्पना पाथरवटानं एकावर एक रचून त्यांचा जिना केलाय. दहाव्या ते तेराव्या शतकांत दख्खनमध्ये पाशुपत, कालामुख अशा शैव पंथांचे मठ आणि देवळं जोरात होती. पूजा करणारा तो पुजारी त्याच जगातला. दक्षिणेत जैन कुटुंबांनी उभारलेल्या काही दगडांवर लिंगाच्या जागी तीर्थंकर बसलेले असतात. स्वर्गाचा मालक ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे बदलतो, वाट तीच राहते.

आता या दगडांची सगळ्यात मोठी खंत. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही.

शेजारच्या कर्नाटकात असं नाही. 'वीरगल्लु' हा मूळचा कानडी शब्द, आणि तिथल्या असंख्य वीरगळांवर कोण, कुणाचा मुलगा, कुणाच्या कारकिर्दीत, कशासाठी मेला हे नीट कोरलेलं असतं. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरच्या शिळेची गोष्ट तर कुणालाही हलवून सोडेल. इसवी सन ९४९ च्या सुमाराला राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात तक्कोलमची लढाई झाली. कृष्णाच्या बाजूनं लढणाऱ्या गंग राजा बूतुगानं आपल्या मणलेर नावाच्या योद्ध्याला पराक्रमाचं बक्षीस मागायला सांगितलं. मणलेरनं राजाचा 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढं आतकूरला एका दांडग्या रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळी दोघंही मेले. काळीसाठी शिळा उभी राहिली, तिच्या पूजेसाठी जमीन दिली गेली, वर डुकराला भिडलेला कुत्रा कोरला गेला. ती शिळा आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी गाईंसाठी मेलेल्या हजारो माणसांपैकी जवळपास कुणाचंच नाही.

तामिळनाडूची परंपरा त्याहून जुनी. तिथल्या 'नडुकल' म्हणजे रोवलेल्या दगडांचा उल्लेख संगम साहित्यात येतो. २००६ साली तेनी जिल्ह्यातल्या पुलिमानकोम्बै इथं तमिळ-ब्राह्मी लिपीतले कोरीव लेख असलेले असे दगड मिळाले आणि त्यांतल्या एकावर गुरांच्या लुटीत मेलेल्याची नोंद निघाली. सौराष्ट्र आणि कच्छमध्ये अशाच दगडांना 'पाळिया' म्हणतात. तमिळ मुलखापासून कच्छपर्यंतच्या या पट्ट्यात मराठी मुलूख मधोमध येतो आणि नेमकं इथंच नाव गळालेलं आहे. गावाला नाव तोंडपाठ आहे, ते कोरायची गरज काय, असं त्या वेळी वाटलं असेल का? तसं असेल तर तो विश्वास फार तर चार-पाच पिढ्या टिकला.

वीरगळांच्या शेजारी, बऱ्याचदा त्यांच्याच ओळीत, दुसरा एक दगड असतो. त्यावर कोपरात काटकोनात वाकलेला, वर उचललेला बाईचा हात कोरलेला असतो आणि मनगटापासून बांगड्या. ही सतीशिळा. बांगड्या आहेत म्हणजे ती अहेव गेली, असा त्याचा अर्थ. कुठं खाली नवरा-बायकोची जोडी, कुठं घोडा, वर सूर्यचंद्र. वीरगळाइतक्याच निगुतीनं कोरलेल्या या हातापुढं उभं राहिल्यावर त्या काळाबद्दलचं कौतुक घशात अडकतं. वीर शस्त्र घेऊन गेला होता, त्याच्यापुढं लढायचं की पळायचं हा प्रश्न तरी होता. चितेपुढं उभ्या केलेल्या पोरीपुढं तोही किती वेळा असेल? महाराष्ट्राला सगळ्यात ठाऊक असलेलं सतीचं उदाहरण १७७२ चं. थेऊरला थोरले माधवराव पेशवे गेले आणि रमाबाई सती गेल्या. बंगालमध्ये १८२९ साली सतीबंदीचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात पुढच्याच वर्षी ही बंदी आली. आणि तरीही १९८७ साली राजस्थानातल्या देवराळ्याला रूपकंवर जळाली. त्यानंतर केंद्रानं केलेल्या कायद्यानं सतीचं उदात्तीकरणही गुन्हा ठरवलं. सतीशिळा जपायला हव्यात त्या पुरावा म्हणून. तिथं नवस बोलण्यात अर्थ नाही.

मेलेल्यांना जवळ ठेवायची ही ओढ वीरगळांपेक्षा कितीतरी जुनी आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ अशी दीर्घकाळ उत्खननं केली. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. तिथं लहान मूल गेलं की त्याला दोन मातीच्या रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला उताणं, डोकं उत्तरेकडे करून, खड्ड्यात निजवत. आणि पुष्कळशा प्रौढ सांगाड्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली सापडली. मेलेला उठून चालत जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, घरातच राहावा म्हणून हे केलं असावं, असा ढवळीकरांचा अंदाज. मूल पोटाशी ठेवायचं, बाप घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. गावाच्या मधोमध, पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या एका भल्यामोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष मिळाला. त्याच्या घराला धान्याचं कोठार जोडलेलं होतं. तो वस्तीचा प्रमुख असावा. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये, असं आजही मराठी घरात आजी सांगते. उत्तरेला डोकं मेलेल्याचं, ही समजूत किती मागं जाते याचा अंदाज इनामगावच्या खड्ड्यांवरून यावा.

विदर्भात दगड वेगळा. नागपूरजवळच्या जुनापाणीला मोठमोठ्या शिळांची तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांवर १८७९ मध्ये लिहिलं. पुढं शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहूरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा इथली वर्तुळं उघडली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली ही दफनं. आत मेलेल्यांबरोबर लोखंडी हत्यारं, मणी आणि घोडेही मिळाले. घोड्याच्या तोंडावरचे तांब्याच्या पत्र्याचे दागिनेही तसेच. ज्याला घोडा आणि हत्यार सोबत दिलं, त्याला ती पुढं लागणार आहेत, असं मागं राहिलेल्यांना नक्कीच वाटत होतं.

या सगळ्यात वीरगळाची खासियत अशी की तो मेलेल्याला गावाच्या कामाला लावतो. हायडेलबर्ग विद्यापीठातले ग्युंटर सोन्थायमर यांनी उभी हयात धनगर-गवळ्यांच्या देवतांच्या अभ्यासात घालवली. एस. सेट्टर यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरचा ग्रंथ १९८२ साली निघाला. त्यात महाराष्ट्रातल्या वीरगळांवर आणि सतीशिळांवर सोन्थायमरांनी स्वतः लिहिलंय. गाईंसाठी मेलेला माणूस हळूहळू राखणदार होतो, शेंदूर लागतो, नैवेद्य सुरू होतो, आणि काही पिढ्यांनी तो कुणाचा पूर्वज होता हे विसरून म्हसोबा किंवा भैरोबा म्हणून पुजला जातो, अशी ही वाट. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी तर 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. विठ्ठलाच्या मागं गाईंसाठी पडलेला एखादा वीर असावा, असं सुचवणारेही अभ्यासक आहेत. ते पटो न पटो, चंद्रभागेच्या वाळवंटातलं पुंडलिकाचं देऊळ ही त्याची समाधी मानतात आणि वारकरी आधी तिथं माथा टेकतो, ही गोष्ट डोळ्यांपुढची आहे.

या श्रद्धेत भीतीचाही वाटा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. शस्त्रानं, अपघातानं, अवेळी मेलेला अतृप्त राहतो आणि त्रास देतो, असं मानलं जाई. म्हणून पितृपक्षात अशांसाठी तिथी वेगळी राखलेली आहे. मरणाची तिथी कुठलीही असो, शस्त्रानं मेलेल्याचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला. कित्येक घरांत देव्हाऱ्यात कुलदैवतांच्या टाकांबरोबर 'वीराचा' टाक असतो. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला, हातात तलवार घेतलेला एक माणूस. घराण्यातला कुणीतरी लग्नाआधी किंवा लढाईत गेलेला, एवढंच घरच्यांना ठाऊक असतं. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर घराबाहेर निघतात. टाक कपड्यात बांधून, हातात धरून, वाजतगाजत गोदावरीवर न्यायचे, अंघोळ घालायची, नाचवायचे आणि परत आणायचे. लहान मुलांना वीराचा वेष घालतात. मिरवणुकीचा मान दाजीबा वीराचा. लग्न ठरलेला, अंगाला हळद लागलेला एक गवळी तरुण वाटेत मारला गेला, अशी त्याची कथा सांगतात. म्हणून त्याच्या वेषात बाशिंग असतं आणि त्याला बाशिंगे वीर म्हणतात. वीरगळाच्या तळाच्या कप्प्यातल्या गाई आणि या कथेतला गवळी यांच्यात आठशे वर्षांचं अंतर आहे, पण नातं ओळखू येण्याइतकं जवळचं आहे.

यादवांनंतर वीरगळ कोरणं हळूहळू थांबत गेलं. मराठ्यांच्या काळात त्यांची जागा समाध्यांनी, छत्र्यांनी, वृंदावनांनी घेतली. सिंहगडावर तानाजी, विशाळगडावर बाजीप्रभू आणि फुलाजी. आता मेलेल्याचं नाव ठाऊक होतं, पण स्वर्गाच्या चौकटी गेल्या. पुढं नावंही दगडावर आली. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमाला उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावं पुष्कळ आहेत. डॉ. आंबेडकर १९२७ च्या पहिल्या दिवशी तिथं गेले ते ही नावं होती म्हणूनच. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. गावानं आपल्या मेलेल्यांसाठी दगड उभा करायचा, ही रीत बंद पडली असं म्हणता येणार नाही.

जुन्या दगडांचे मात्र हाल आहेत. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की ग्रॅनाइटची फरशी येते आणि वीरगळ मागच्या उकिरड्यावर जातात. कुठं त्यांची पायरी झालीय, कुठं त्यावर धुणं धुतलं जातं, कुठं ओढ्यावरच्या बांधात उलटे घातलेत. प्रेमानं केलेलं नुकसानही कमी नाही. ऑइलपेंटचा जाड थर चढला की अप्सरांचे पाय आणि गाईंची शिंगं त्याखाली बुजतात, आणि तो खरवडून काढायला गेलं की दगडाचा पृष्ठभागच निघतो. सदाशिव टेटविलकरांसारख्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून वीरगळांवर पुस्तक लिहिलं, गडकोट हिंडणारे तरुण आता त्यांचे फोटो काढून नोंदी करतात, काही गावांनी विखुरलेले दगड गोळा करून कट्ट्यावर नीट उभे केलेत. हे काम चांगलं आहे, पण त्यात एक काळजी घ्यायला हवी. वीरगळाची जागा ही त्याच्या मजकुराचाच भाग आहे. खिंडीतला दगड देवळात आणून ठेवला की लढाई कुठं झाली हे सांगणारी एकुलती खूण पुसली जाते.

आपल्या गावात असा दगड असेल तर काही गोष्टी कुणालाही करता येतील. तिरप्या उन्हात चारही बाजूंचे फोटो काढा, सोबत मोजपट्टी ठेवा. कप्पे किती, तळात गाई की घोडा की जहाज, वर लिंग आहे का, हे लिहून काढा. तळाला गाढव आणि बाई कोरलेली असेल तर तो वीरगळ समजू नका, ती गद्धेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारी शिळा. अलिबागजवळच्या आक्षीला तशी शिळा मराठी लेखासह आहे. अक्षरं दिसली तर खडू किंवा पिठी न फासता फोटो अभ्यासकांपर्यंत पोचवा, कारण हरवलेलं एखादं नाव तिथं असू शकतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या दगडाची गोष्ट विचारा आणि ती रेकॉर्ड करून ठेवा. शंभर वर्षांहून जुनं शिल्प हे १९७२ च्या कायद्यानं पुरावशेष ठरतं, परवान्याशिवाय त्याचा व्यापार करणं किंवा ते परस्पर देशाबाहेर नेणं बेकायदा आहे. शेतात नांगराला लागून एखादा दगड निघाला तर तहसील कार्यालयात आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि पुढच्या जीर्णोद्धाराच्या बैठकीत ऑइलपेंटचा विषय निघालाच, तर उठून नाही म्हणा.